एकाचे नऊ

परवा दुपारी सव्वातीन वाजता मंदाकिनी परत आली. खोटं सांगत नाही. निदान आत्ता नाही. तनयाने बटण दाबलं, पडद्यावर आमच्या घराचं दार दिसलं, रिकामं. मग त्या दारातून पाठमोरी मंदाकिनी निघाली. खांद्यावर घट्ट ओढलेला पदर, हातात पिशवी, डाव्या चपलेची टाच किंचित घासटत. आता ती जिन्याकडे वळून दिसेनाशी होणार, तेवढ्यात ती उंबऱ्यावर उभी दिसली. समोर तोंड करून, थेट माझ्याकडे बघत. दीड सेकंदाचा तुकडा तिथे संपला. संपलेल्या तुकड्याचं शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं, असा त्या यंत्राचा नियम. त्यामुळे मंदाकिनीही तशीच राहिली. वर्गातला पंखा फिरत होता, मागच्या बाकावर सुदर्शन डबा उघडून बसला होता आणि त्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास खोलीभर होता. एवढ्या सगळ्यात ती उभी होती आणि मला काही केल्या मान खाली घालता येईना. "काका," सुदर्शन तोंडात घास ठेवून म्हणाला, "काकू त परत आल्या न जी." तनया म्हणाली, "शिट, ऑर्डर चुकलीय." मी बोलायला तोंड उघडलं असतं तर सवयीने थापच बाहेर आली असती, आणि त्या क्षणी मला थापेची गरज नव्हती.

मंदाकिनीला जाऊन चार वर्षं झाली. हे मला माहीत आहे, माझ्या लेकीला, वल्लरीला माहीत आहे. या दोन पोरांना माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तनयाने विचारलं होतं, "काका, घरी कोण कोण असतं?" आणि मी म्हणालो होतो, "मी आणि बायको. ती सध्या विश्रांतवाडीला लेकीकडे गेलीय." यात शब्दही खोटा नव्हता. ती विश्रांतवाडीला लेकीकडे जायलाच निघाली होती. 'गेली' आणि 'गेलीय' यांत एका य-चा तो काय फरक. तेवढा य मी पदरचा घातला. पण य एकदा घातला की तो वाढत जातो. दिवाळीनंतर पोरं विचारायला लागली, काकू कधी येणार. मी म्हणालो, तिचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. मार्चमध्ये म्हणालो, नातवाची परीक्षा आहे. शेवटी एकदा बोलून गेलो की आपली फिल्म पूर्ण झाली की पहिल्या खेळाला ती येईल, पुढच्या रांगेत बसेल, आणि नावं ठेवेल. पोरं खूश झाली. खरं तर मीही झालो. थापेचा हा एक गुण आहे, मारणाऱ्यालाही ती थोडा वेळ उबेला घेते.

माझं नाव रावसाहेब. नावात राव आणि साहेब दोन्ही, पण आयुष्य गेलं बसच्या वर्कशॉपात रंगारी म्हणून. बसच्या कपाळावर जो आकडा असायचा, तो काढायचं काम माझं. आकडे मराठी. माझा एकाचा आकडा बघायला लोक थांबायचे, असं मी सांगतो. एखादा थांबलाही असेल, बससाठी. गोल डोकं, खाली सोडलेली ऐटबाज शेपटी. मग बसच्या कपाळावर लुकलुकणारे दिवे आले, माझे डबे वाळले, आणि मी धनकवडीतल्या घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या रंगवायला लागलो. मंदाकिनी गेल्यावर तेही सुटलं. मग वल्लरीने कुठूनसा कागद आणला. एका विद्यापीठात चित्रपटातली हलती चित्रं काढायला शिकवतात, वर्षाचा कोर्स, वयाची अट नाही. "बाबा, दिवसभर भिंतीला थापा मारता. तिथे निदान भिंतीपेक्षा बरी माणसं मिळतील," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या आईचं होतं, आवाजही. आईची वाक्यं मुलींकडे दागिन्यांसारखी जातात.

तर तिघांचा गट. तनया कोथरूडची, इंग्रजी शाळेतली, केस एका बाजूने कापलेले. सुदर्शन वर्ध्याकडचा, बोलताना 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' असं, म्हणजे त्याची सगळी कामं कायम चालूच. आणि मी, एकाहत्तर वर्षांचा. तिघांनी मिळून तीन मिनिटांची फिल्म करायची. प्रत्येकाने एक गोष्ट आणा, म्हणून श्रीनिवास सरांनी सांगितलं. हे सर माझ्या जावयापेक्षा लहान. तनयाची गोष्ट एकटेपणाची होती, तीत एक मुलगी तीन मिनिटं खिडकीत बसते. सुदर्शनची संत्र्याची होती, आणि तो ती सांगायला लागला की त्यालाच भूक लागायची. मी अजगराची सांगितली. कात्रजच्या घाटातून एक अजगर थंडीचा खाली उतरतो आणि बसच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे तोच रांग होतो. बस येते. कंडक्टर म्हणतो, दोन सीट व्यापणार, दोन तिकिटं. अजगर म्हणतो, सवलत नाही का? कंडक्टर म्हणतो, ज्येष्ठ असाल तर कात टाकल्याचा दाखला दाखवा. पुढच्या स्टॉपला एक बाई चढते. गाडीभर माणसं, फक्त अजगराशेजारची जागा रिकामी. ती सरळ जाऊन बसते आणि म्हणते, "शेपूट आवरा. लोकांना चढायचं असतं." मग दोघांच्या गप्पा, पार शेवटच्या स्टॉपपर्यंत. पोरं खोखो हसली. तिथल्या तिथे ठरलं, हीच करायची. ती बाई कोण म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमचीच. तिने मला घरी येऊन जसं सांगितलं तसं मी तुम्हाला सांगतोय.

तिने घरी येऊन काही सांगितलं नाही, कारण ती घरी आली नाही. सकाळचे दहा वाजले होते. मी खिडकीपाशी खाली बसून शेजारच्या काळ्यांची पाटी रंगवत होतो. काळे या नावात ळ येतो. ळ म्हणजे दोन गोल आणि मध्ये कंबर. एका दमात काढावा लागतो, हात उचलला की तो अपंग होतो, जन्मभर दारावर तसाच लंगडत उभा राहतो. कुंचला दुसऱ्या गोलात होता तेव्हा मागून मंदाकिनी म्हणाली, "येते." मी म्हणालो, "हं." एवढंच. स्वारगेटला गाडी बदलून ती विश्रांतवाडीची बस पकडून बसली, खिडकीपाशी, आणि शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले तरी उठली नाही. कंडक्टरला वाटलं, झोप लागलीय. भला माणूस, नंतर घरी येऊन गेला, चहा न घेता. मी त्याला एकच विचारलं, तिच्या शेजारी कोण होतं? त्याने पुष्कळ आठवलं. म्हणाला, "गर्दी नव्हती हो त्या दिवशी. कुणी नसावं." तो गेल्यावर मी बराच वेळ त्या 'कुणी नसावं'कडे बघत बसलो. विश्रांतवाडीपर्यंतचा तो सगळा रस्ता, आणि शेजारची जागा रिकामी. म्हणून तिथे मी अजगर बसवला. चांगला लठ्ठ, दोन सीटचा, ऐकून घेणारा.

काम वाटून घेतलं. बस आणि रस्ता सुदर्शनने, अजगर तनयाने, आणि दारातून निघणारी बाई माझ्याकडे. नऊ चित्रं. काचेखाली दिवा असतो, आधीचा कागद ठेवायचा, वर नवा, आणि खालच्या मंदाकिनीपेक्षा वरची केसभर पुढे न्यायची. नऊ कागद म्हणजे नऊ वेळा तिला पुढे ढकलायचं. पाठमोरी मला जमली. ती पाठ मी बेचाळीस वर्षं ओट्याशी पाहिलेली. नववं चित्र तर नुसतं रिकामं दार, ते पाच मिनिटांत झालं. रिकाम्या दाराचा सराव होताच. पहिलं काही होईना. पहिल्यात ती उंबऱ्यावर उभी राहून, आत तोंड करून 'येते' म्हणते. मी तिचं सगळं काढलं आणि चेहऱ्याच्या जागी कोरं ठेवलं. तनया म्हणाली, "काका, फेस राहिला." मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदललाय." ती म्हणाली, "ओके, मी ॲक्टिंग करते, तुम्ही बघून काढा. आपल्यात असंच करतात." आणि माझी जेवणाची पिशवी खांद्याला लावून ती वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. "चला, जाते मी," म्हणाली.

"जाते म्हणू नये," मी म्हणालो.

"का?"

"जाते म्हटलं की माणूस जातं. येते म्हणायचं."

"पण जातेय ना ती?"

"म्हणूनच."

तिने खांदे उडवले, पुन्हा उभी राहिली. मी कागद सारखा करत होतो, पेन्सिलीला टोक काढत होतो. "येते," ती म्हणाली. मी मान खाली घालून म्हणालो, "हं." मग काहीच ऐकू येईना. पाऊल नाही, चप्पल नाही. टोक काढून झालं, साल फुंकून झाली, तरी दारात ती तशीच. "काका, वर बघा ना," ती म्हणाली, "मी कुणाला सांगू, येते म्हणून?"

तेव्हा मी वर बघितलं. तनया आहे हे दिसत होतं, एका बाजूचे केस, कानातल्या तीन रिंगा. पण ती जशी उभी होती, वजन एका पायावर, भुवया थोड्या वर, ओठांशी वैताग आणि वैतागाच्या आत वाट बघणं, ते मला कुठून तरी माहीत होतं. न बघताही एखादी गोष्ट पाठीला दिसत असेल काय? त्या दिवशी 'हं' म्हटल्यावर मागून लगेच चपलांचा आवाज आला नव्हता. हे मला चार वर्षांत कधी आठवलं नव्हतं. मधे काहीतरी होतं. ळ-चा दुसरा गोल पुरा होऊन खाली गाठ बसेपर्यंत घरात काहीच वाजलं नाही, मग टाच घासटली. म्हणजे ती उभी होती. मी वर बघेन म्हणून उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. मी तो चेहरा पंधरा मिनिटांत काढला, एकदाही न खोडता. तनया बघून म्हणाली, "क्यूट आहेत काकू. जरा चिडक्या." मी म्हणालो, "जरा?"

श्रीनिवास सरांचा एक वेळेचा तक्ता असतो. कोणतं चित्र किती वेळ धरून ठेवायचं ते त्यात लिहायचं. धरून ठेवण्याला ते होल्ड म्हणतात. माझ्या पहिल्या चित्रापुढचा चौकोन मी मोकळा सोडला. सर म्हणाले, "काका, हिचा होल्ड किती? ती 'येते' म्हणते, आणि मग किती थांबते?" मी म्हणालो, "तेच तर." त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. माझी प्रतिमाच तशी. लोकांना मी पोटातलं सांगायला गेलो तरी ते आधी हसून घेतात.

आणि परवा हा घोटाळा झाला. नऊ कागदांच्या कोपऱ्यात मी माझ्या हाताने, वर्कशॉपातल्या वळणाने, आकडे घातले होते, १ ते ९. तनयाने त्या आकड्यांच्या क्रमाने कागद यंत्रात भरले. पडद्यावर उभ्या राहिलेल्या मंदाकिनीपुढे कागदांचा गठ्ठा उलगडून ती म्हणाली, "हे बघा ना, काका. हा नाइनच आहे. क्लिअर नाइन." तिचं बोट माझ्या एकावर होतं. गोल डोकं, खाली सोडलेली शेपटी.

"अगं, तो एक आहे."

"मग हा?" तिने नवाचा कागद उचलला.

"तो नऊ."

"हा मला काहीच वाटला नाही. एकच उरला होता म्हणून मी वन दिलं त्याला."

"दोन ते आठ बरे आले तुला?"

"ते बसवर बघितलेत लहानपणी. एक आणि नऊ नंबरची बस मी कधी पकडलीच नाही."

सुदर्शन हसत सुटला. मीही हसलो. तीस वर्षं ज्या आकड्याच्या शेपटीवर मी मिशी पिळली, तो या पोरीला नऊ दिसला. आणि मंदाकिनी आयुष्यभर हेच म्हणायची, चारचौघांत, माझ्या तोंडावर: "यांचं मनावर घेऊ नका. हे एकाचे नऊ करून सांगतात." ती आता पडद्यावरून तेच म्हणत असल्यासारखी बघत होती. एक आणि नऊ यांची अदलाबदल झाली, आणि निघालेली बाई दारात येऊन उभी राहिली. इतकं सोपं होतं ते? तर मग मी चार वर्षं काय करत होतो?

"सॉरी, स्वॅप करते," तनया म्हणाली. "दोन मिनिटं."

"राहू द्या न," सुदर्शन म्हणाला. "मले त असंच मस्त वाटून राहिलं. काकू जातात अन् लगेच परत येतात. काहीतरी विसरल्या असतील."

"लॉजिक काय त्याचं?"

"अजगर बसमध्ये बसते, त्याचं काय लॉजिक आहे बाप्पा?"

आमच्या गटाचा नियम असा की तिघांतले दोघं म्हणतील ते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. राहू दे म्हणायला मला किती लागलं असतं. दोन शब्द. ती तिथेच राहिली असती, फिल्म जिथे जिथे दाखवतील तिथे तिथे दारात परत येऊन उभी. माझ्या सगळ्या थापांतली ही पहिली, जी मी मारली नव्हती, आपोआप झाली होती, आणि म्हणून खरी असल्यासारखी दिसत होती. मी तिच्याकडे बघितलं. ओठांशी वैताग, आत वाट बघणं. आणि एकदम मला ती बस दिसली. स्वारगेट सोडलेली, खिडकीपाशी ऊन आलेलं. अजगर बसलाय. त्याने शेपूट आवरून जागा केलीय, आणि शेजारी कुणी नाही. तोही बिचारा मान वळवून दाराकडे बघतोय. मंदाकिनी घरातच राहिली तर बसमधली ती जागा पुन्हा रिकामी. 'कुणी नसावं.' ते मला दुसऱ्यांदा झेपलं नसतं.

"सरळ कर," मी म्हणालो. "एकाच्या जागी एक, नवाच्या जागी नऊ."

"नक्की?" सुदर्शन म्हणाला.

"ती परत आली नाही, बाळांनो. विश्रांतवाडीच्या बसमध्ये बसल्या जागी गेली. चार वर्षं झाली. काही विसरली नव्हती, म्हणून आली नाही. मीच बघायचं विसरलो होतो."

दोघं हसायच्या तयारीत थांबले. कारण मी बोललो की शेवटी हसायचं असतं. थांबले आणि हसू आलंच नाही. सुदर्शनने डब्याचं झाकण लावलं, अगदी आवाज न करता. तनयाने बटणावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे शनिवारी खेळाला काकू..."

"नाही."

"ओके," ती म्हणाली. तिने चित्रं फिरवली, बटण दाबलं. मंदाकिनी दारात दिसली, वळली, गेली, आणि पडद्यावर रिकामं दार राहिलं. ते तसंच ठेवून तिने वेळेचा तक्ता पुढे सरकवला. "काका, होल्ड भरा. सर विचारतायत." मी पेन घेतलं. सरांनी सांगितलं होतं, उभ्या चित्राकडे लोक सेकंदभर बघतात, मग मोबाइल काढतात. चौकोनात मी लिहिलं, '१ सेकंद'. एक सेकंद मागणं काही फार नव्हे. त्या दिवशी मला तेवढाच लागला असता.

आज शनिवार. विद्यापीठाच्या छोट्या सभागृहात अकराला खेळ. वल्लरी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आली, माझ्या डाव्या हाताला बसली. उजव्या हाताला तनया, तिच्यापलीकडे सुदर्शन, इस्त्रीच्या शर्टात. दिवे गेले. आमचं दार आलं, आणि दारात मंदाकिनी. "येते," ती म्हणाली. आवाज तनयाचा होता, पण घासलेला, मोठ्या बाईचा. मी मनात एक म्हटलं आणि ती जाणार म्हणून तयार झालो. ती गेली नाही. मी दोन म्हटलं. ती तिथेच. मी तनयाकडे झुकून म्हणालो, "अगं, मी एक लिहिला होता."

"मला नऊ दिसला," तनया समोर बघत म्हणाली. "वर बघा, काका."

मी वर बघितलं. चार. मंदाकिनी वजन एका पायावर टाकून उभी होती. पाचला वल्लरीने माझं मनगट धरलं आणि कानाशी म्हणाली, "पिशवी निळी होती, बाबा." मी हिरवी रंगवली होती, बघितलं असतं तर निळी रंगवली असती. सहा. मागून कुणीतरी म्हणालं, "हँग झालं वाटतं." सात. कुणी खोकलं, कुणाच्या मोबाइलचा उजेड पडला. मी मान खाली घातली नाही. आठ म्हटलं आणि लक्षात आलं, तिला नुसतं बघणं पुरेसं नव्हतं. 'येते' म्हणणाऱ्याला काहीतरी म्हणायचं असतं, आपल्यात तशी पद्धत आहे, आणि 'हं' हा काही शब्द नव्हे.

"ये," मी म्हणालो.

ती वळली. पदर, पिशवी, घासटणारी टाच, मग रिकामं दार. आणि लगेच सुदर्शनची लालभडक बस आली. तिच्या कपाळावर, कुणाला वाचता येवो न येवो, माझ्या हातचा एक होता. आत अजगर कंडक्टरशी दोन तिकिटांवरून वाद घालत होता, लोक हसायला लागले होते, आणि शेजारची जागा त्याने शेपूट आवरून धरून ठेवली होती.